कोरड्या शरदांतील माळ व रानचीं जनावरें

दसरा उलटला, परतीच्या पावसानें पाठ फिरविली आणि माळावरचें गवत गुडघ्याच्याही वर न येतां पिवळें पडूं लागलें, म्हणजे आमच्या लोहारा तालुक्यांतील शेतकऱ्यास दोन काळज्या एकदम लागतात. दावणीच्या जनावरांस उन्हाळ्यापर्यंत काय घालावें ही एक. आणि रानच्या जनावरांपासून ज्वारी कशी राखावी ही दुसरी. पहिलीविषयीं आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दुसरीविषयीं बहुधा तक्रारीच छापून येतात. या दोन्ही काळज्यांचें मूळ एकच असून तें माळावर आहे, असें गेल्या कांहीं वर्षांच्या अनुभवानें माझें मत झालें आहे. तो अनुभव, त्यांत झालेल्या चुकांसह, वाचकांपुढें ठेवितों.

माळ म्हणजे कोणती जमीन, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मुरमाड, उथळ, जिच्यांत कुळव टेंकत नाहीं अशी ही जमीन सात-बाराच्या उताऱ्यावर बहुधा 'पोटखराबा' या सदराखालीं पडलेली असते. पोटखराब्याचे वर्ग दोन. खडक, नाला वगैरे कारणांनीं लागवडीस अयोग्य ठरलेली ती वर्ग 'अ'. आणि रस्ता, पाण्याचा प्रवाह, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठीं राखलेली ती वर्ग 'ब'. महसुली दप्तरांत मीं हें सदर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परंतु 'खराबा' हा शब्द लिहितांना त्या जमिनीचा कोणास कांहीं उपयोग असेल, असें एकदांही माझ्या मनांत आलें नाहीं. जिच्यावर सारा नाहीं ती जमीनच नव्हे, अशी ही कारकुनी दृष्टि!

पूर्वीं मात्र याच खराब्यास मान होता. निजामी अमदानींत लोहारा हें पायगेच्या जहागिरींत मोडत असे. त्या काळचा माळ हा शिकारीचा माळ. काळवीट, ससा, तितर, लावा हीं तेथील जनावरें. पारध्यांनीं फांसे लावावे व हौशी मंडळींनीं बंदुका घेऊन फिरावें, असा प्रकार चाले. शिकार हवी असेल तर जनावर हवें, आणि जनावर हवें असेल तर गवत राखलें पाहिजे, हें शिकाऱ्यास कोणी शिकवावें लागत नसे. कोल्हापूरच्या छत्रपतींनीं दाजीपूरचें रान शिकारीसाठीं राखलें. पुढें १९५८ सालीं त्याच रानाचें अभयारण्य झालें. म्हणजे मारण्यासाठीं राखलेलें रान अखेर तारण्याच्या उपयोगी पडलें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा बसला, व परवान्यानें जी थोडीबहुत चाले तीही १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. काळवीट पहिल्या अनुसूचींत आहे. त्यास मारणारास कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सात वर्षें कैद आहे. हें योग्यच झालें, याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. परंतु शिकार गेली तिच्याबरोबर माळ राखण्याची चालही गेली, इकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आतां माळाचा वाली कोणी उरला नाहीं. कोठें मुरूम खणून नेला, कोठें वेडी बाभूळ माजली, कोठें सौर विजेचे पट उभे राहिले. गांवचीं गायरानें मोकळीं करण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं निर्णय दिला, त्यावर शासनाचे आदेशही निघाले. तरी गांवोगांवचीं अतिक्रमणें वाचकांस ठाऊक आहेतच. जनावरें मात्र आहेत. माळ गेला म्हणून तीं कोठें जावींत? तीं आपल्या ज्वारींत उतरतात.

मी दप्तर सोडून गांवीं येऊन बसलों, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं २०२३ चा शरद आला. त्या सालचा ऑगस्ट हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलांत असतांनाच जमिनीस भेगा पडल्या. सप्टेंबरांत थोड्या सरी आल्या. पण पुढें हस्त कोरडा गेला आणि चित्राही. ३१ ऑक्टोबर रोजीं शासनानें राज्यांतील ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यांत आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील वाशी, धाराशिव व लोहारा हे तीन होते.

माझ्या वांट्यास अकरा एकर काळी व तिच्या माथ्यावर पांच एकर माळ आहे. काळींत जेथें ओल सांपडली तेथें ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यांत चार एकर मालदांडी ज्वारी पेरली व दोन एकर हरभरा टाकला. बाकीचें रान तसेंच राहिलें. ज्वारी वीतभर झाली नाहीं तोंच काळविटांचा कळप उतरूं लागला. पहाटे मोजलीं तर सतरा-अठरा डोकीं भरत. ओल कमी असलेल्या सालीं ज्वारीचा पोंगा खाल्ला गेला कीं ताट पुन्हां जोर धरीत नाहीं. ओल्या सालीं जें नुकसान फुटव्यानें भरून निघतें, तें कोरड्या सालीं कायमचें होतें.

त्याच आठवड्यांत माळावरचें गवत कापावयाचें होतें. कडबा महागणार हें उघड होतें, व शेजारच्या सर्वांनीं आपापले माळ जमिनीलगत कापून घेतले होते. माझाही विचार तोच होता. परंतु गवत केव्हां कापावें हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. वैरणीच्या दृष्टीनें मारवेल, पवन्या हीं गवतें फुलोऱ्यावर असतांना कापावीं. तेव्हां त्यांत कस असतो. बीं झडूं दिलें म्हणजे काडी कडक होते व जनावर ती नाखुषीनें खातें. माळाच्या दृष्टीनें मात्र बीं झडल्यावरच विळा लावावा. नाहींतर चांगलें गवत वर्षावर्षानें मागें हटतें आणि त्याच्या जागीं कुसळी पसरते. पाऊसपाणी बरें असलें तर कापलेल्या थोंबास पुन्हां फुटवा येतो व थोडेंबहुत बीं धरतें, म्हणून हा विरोध फारसा जाणवत नाहीं. कोरड्या शरदांत फुटवा येत नाहीं. जें कापलें तें त्या सालापुरतें गेलें, आणि जें बीं झडलें नाहीं तें पुढील सालचेंही गेलें.

मीं मध्यम मार्ग काढला. माळाच्या, उतारास आडव्या, दहा पट्ट्या पाडल्या. विषम क्रमांकाच्या राखल्या, सम क्रमांकाच्या फुलोऱ्यावरच कापून वैरण केली. पुढील सालीं याच्या उलट करावयाचें. म्हणजे प्रत्येक पट्टीचें बीं एका वर्षाआड जमिनींत पडतें, व अर्धी वैरण तरी कसदार मिळते. कापलेल्या पट्ट्या आगीस आडव्या येतात हा दुसरा फायदा. वन खात्याचे लोक ज्यास जाळरेषा म्हणतात तेंच काम त्या करितात. माळ जाळून नवें गवत आणण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, ती कोरड्या सालीं तर मुळींच करूं नये. गवताबरोबर बीं, तितरांचा आडोसा आणि शेजाऱ्याची गंजीही जळते.

घरांतून अर्थातच विरोध झाला. "दावणीला वैरण नाहीं अन् तुम्ही हरणांसाठीं गवत राखतां, अण्णा?" असें चिरंजीवांनीं सर्वांसमक्ष विचारलें. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. राखलेल्या अडीच एकरांत पांच-सहाशें पेंढ्या सहज निघाल्या असत्या, व त्या फाल्गुनांत मला विकत घ्याव्या लागल्या. हा खर्च मीं लपवीत नाहीं. ज्याच्याजवळ दोनच एकर माळ व सहा जनावरें आहेत, त्यानें अर्धा माळ राखावा असें मी म्हणणार नाहीं. त्यानें बांधालगतची एखादी पट्टी राखली तरी पुष्कळ.

येथें विषय थोडा सोडून एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. वैरणीच्या तंगींत सुकून चाललेली कोवळी ज्वारी गुरांस चारण्याचा मोह होतो. पाण्याविना वाढ खुंटलेल्या कोवळ्या ज्वारींत एक जहाल विष तयार होतें व तें खाऊन चांगली दुभती म्हैस घटकेंत आडवी पडते. फुलोरा येण्यापूर्वीं अशा ज्वारींत गुरें सोडूं नयेत. त्या सालीं आमच्या शिवारांत दोन जनावरें अशींच गेलीं.

पट्ट्या राखल्या तरी कळप ज्वारींत येतच होता. माळावर गवत ठेविलें असतां हें कां, हें मला उमजेना. आमच्या शिवाराच्या कडेला पारध्यांचीं चार-सहा घरें आहेत. इंग्रजी कायद्यानें या समाजावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, तरी गांवांत कांहीं चोरीस गेलें कीं पहिली नजर त्यांच्याच घरांकडे वळते, हें मीं नोकरींत अनेकदां पाहिलें आहे. त्यांतील एका सत्तरीच्या गृहस्थास मीं मुद्दाम बोलावून नेलें. त्यांनीं ज्वारीकडे पाहिलेंही नाहीं. बांधाबांधानें फिरून, खालीं बसून खुरांचे माग पाहिले, आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हरण ज्वारी खायला येत न्हाई. हरणाला तुमच्या हिरीच्या पाटाचं पाणी पायजे. ज्वारी वाटंत लागती."

मीं विचारलें, "मग काय करावें, बाबा?"

"पाणी तिकडं न्या," असें म्हणून त्यांनीं माळाच्या उत्तरेस, काळीच्या उलट अंगास बोट दाखविलें.

एवढ्या एका वाक्यासाठीं मला दहा पुस्तकें वाचावीं लागलीं असतीं, व तरीही तें सांपडलें असतें कीं नाहीं कोण जाणे. नोव्हेंबराच्या आरंभीं मीं माळाच्या उत्तर टोंकास एक उथळ कुंडी बांधविली. लांबी सहा हात. एका टोंकास खोली तीन बोटें, दुसऱ्या टोंकास वीतभर. तळ खरबरीत ठेवून मधोमध चार धोंडे बसविले, म्हणजे लहान पांखरें व सरडे बुडून मरत नाहींत. कुंडी दाट झुडपापासून दूर, उघड्यावर असावी. हरिणास चहूंकडे दिसलें तरच तें मान खालीं घालतें. दर तिसऱ्या दिवशीं बैलगाडीनें दोन पिंपें पाणी नेऊन ओतावें व आठवड्यास एकदां कुंडी घांसावी, असा क्रम ठेवला. पहिले आठ-दहा दिवस कुंडीकडे कावळ्यांवांचून कोणी फिरकलें नाहीं. नंतर चिखलांत खुरें उमटूं लागलीं, आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत कळपाची पायवाट स्पष्टपणें उत्तरेस वळली. ज्वारींतील येणें अगदीं थांबलें असें नाहीं. पण विहिरीच्या बाजूचे बारा गुंठे जे आधींच गेले होते, त्यांत पुढें फारशी भर पडली नाहीं.

एक अडचण मात्र आली. ती मोकाट कुत्र्यांची. गांवांतून बाहेर पडलेलीं कुत्रीं पाण्याच्या आशेनें कुंडीवर येऊन बसूं लागलीं व त्यांनीं एक पाडस फाडलें. लांडगा निदान भुकेपुरतें मारतो. हीं कुत्रीं खेळ म्हणून मारतात. पाणवठ्यावर सकाळ-संध्याकाळ फेरी मारून त्यांस हुसकावणें हें कुंडी भरण्याइतकेंच आवश्यक काम आहे.

आतां चारा पेरण्याविषयीं. रानच्या जनावरांसाठीं मुद्दाम एखादें पीक सोडावें ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत हरिणांच्या शिकारीचे शौकीन आपल्या रानांत शरदापूर्वीं ओट, राई, क्लोव्हर अशीं पिकें लहान लहान तुकड्यांत पेरतात, व हंगामांत त्या तुकड्याच्या कडेस दबा धरून बसतात. शरद कोरडा गेला कीं त्यांचीही तीच रड : बीं मातींत पडून राहतें, उगवलेलें वाळतें, आणि हरिणें शेजाऱ्याच्या पिकांत जातात. तेव्हां तेथील जाणते लोक कोरडा हंगाम सोसणारें राईसारखें धान्य पेरावयास व उभें नैसर्गिक रान राखावयास सांगतात. त्यांच्या व आपल्या व्यवहारांत मोठा भेद हा कीं, तेथें जो पेरतो तो मारतो. आपण पेरलें तर आपल्या हातीं फक्त आपलें पीक राखण्याचा लाभ. म्हणून आपला तुकडा स्वस्त असला पाहिजे, व तो योग्य जागीं असला पाहिजे.

मीं दोन तुकडे केले. एक बरा ठरला, दुसऱ्यानें मला शहाणपण शिकविलें. माळाच्या उत्तर कडेस अर्ध्या एकरांत सप्टेंबरच्या सरींवर हुलगा व मटकी मिसळून फेंकलीं होतीं. बियाण्यापलीकडे खर्च नाहीं. निम्मेंच उगवलें, पण हुलगा हा कोरडवाहूंतला मोठा चिवट. वीतभर वाढून त्यानें मुरूम झांकला, व हरिणें, तितर, मोर यांनीं तो पौषापर्यंत चरून संपविला.

दुसरा तुकडा मक्याचा. विहिरीस थोडें पाणी होतें, म्हणून हरभऱ्याच्या कडेला पांच गुंठे मका लाविला. हेतु हा कीं रानचें जनावर येईल तें मक्यावरच तृप्त होऊन परत जाईल. कणसें दुधांत आलीं आणि हरिणांऐवजीं डुकरें आलीं. तीन रात्रींत मका भुईसपाट केला. चौथ्या रात्रीं, मका उरला नाहीं असें पाहून, त्यांनीं शेजारचा हरभरा उकरला. पाहुण्यास ओसरीवर जेवावयास बोलावून घरांत येऊं नको म्हणण्यासारखा हा प्रकार झाला. तेव्हांपासून माझा नियम असा कीं, गवत व हुलगा माळाच्या पलीकडच्या अंगास; आणि दाणा किंवा कंद धरणारें कोणतेंही पीक जनावरांच्या नांवानें कधींच लावावयाचें नाहीं.

डुकरांची गोष्ट हरिणांहून अगदीं निराळी आहे. त्यांस माळ नको, आडोसा पाहिजे. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या अंगाचा ऊस, नाल्यांतली वेडी बाभूळ, आणि १९९३ च्या भूकंपानंतर गांवें नव्या जागीं गेल्यावर मागें राहिलेल्या पडक्या गांवठाणांतला झाडोरा, हीं त्यांचीं घरें. दिवसा तेथें लोळावें व रात्रीं उकरावें. कोरड्या सालीं बाहेरचीं डबकीं आटतात, तेव्हां तीं ओलित रानाभोंवतीं गोळा होतात. म्हणून डुकरांपुरता उपाय एकच खरा : पिकापासून शंभर-दोनशें पावलांच्या आंतील बाभूळबन व झाडोरा काढून टाकणें. तें एकट्याचें काम नव्हे. नाल्याच्या दोन्ही कांठच्या खातेदारांनीं मिळून केलें तरच उपयोग.

पिकाभोंवतीं करडईच्या चार-सहा ओळी घेण्याची आमच्याकडची जुनी चाल अजून टिकून आहे, ती सोडूं नये. परंतु तिच्यावर सर्व भरंवसाही ठेवूं नये. करडईची पात कोवळेपणीं मऊ असते. आपण तिची भाजी करितों तशीं हरिणेंही ती आवडीनें खातात. ताट उंच होऊन कांटा धरूं लागेपर्यंत ती कुंपणाचें काम देत नाहीं, आणि ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांस राखणीची गरज तर याच दिवसांत असते. तितके दिवस मचाण, गोफण व माणूस यांवांचून गत्यंतर नाहीं. जुनीं लुगडीं बांधणें, डबे वाजविणें, हे उपाय आठ दिवस चालतात. मग जनावर त्यांस ओळखतें.

विजेच्या तारेचा उपाय मात्र कोणी मनांतही आणूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं मी दप्तरांत असतांना एका अपघाताचे मदतीचे कागद माझ्या टेबलावरून गेले. कोणाच्या शिवारांतला हें येथें लिहीत नाहीं. डुकरासाठीं पिकाभोंवतीं उघडी तार ओढून तींत घरचा प्रवाह सोडला होता. रात्रीची वीज आली म्हणून ज्वारीस पाणी द्यावयास निघालेला शेजाऱ्याचा मुलगा अंधारांत तिला लागला. वय अठरा. ज्यानें तार ओढली तो कांहीं दुष्ट मनुष्य नव्हता. दोन सालें सतत पीक गेल्यानें कावलेला होता. मुलाच्या बापास व त्यास मीं एकाच बांकावर, मध्यें एक हात अंतर ठेवून, बसलेले पाहिलें. त्या दिवशीं नांवें, वय, गट क्रमांक हीं सदरें भरतांना माझा हात चालेना. रानडुकरापासून पिकास फारच उपद्रव असेल तर वनाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून परवानगी मागण्याची कायद्यांत तरतूद आहे. तो मार्ग लांबचा, पण मोकळा आहे. काळविटासाठीं शेतकऱ्यास असा मार्ग नाहीं, हें ध्यानांत असावें.

नुकसानभरपाईविषयीं दोन शब्द लिहिणें माझें कर्तव्यच आहे. रानडुक्कर, हरिण, रोही यांनीं पिकाचें नुकसान केल्यास शासनाकडून साहाय्य मिळतें. अर्ज नुकसान झाल्यापासून तीन दिवसांचे आंत जवळच्या वनाधिकाऱ्याकडे पोंचला पाहिजे. नंतर वन, कृषि व महसूल या खात्यांचीं माणसें मिळून पंचनामा करितात. बहुतेक अर्ज दोन कारणांनीं बुडतात. पहिलें, शेतकरी पंच येण्यापूर्वींच खाल्लेलें पीक कुळवून टाकतो. दुसरें, उताऱ्यावरील पिकाचें सदर कोरें असतें. २०२१ पासून पीकपाहणी मोबाईलवरून शेतकऱ्यानेंच नोंदवावयाची आहे. ती केली नाहीं तर शेतांत ज्वारी उभी असूनही कागदावर पड दिसते, व पडीत जमिनीचें हरिण काय खाणार? पेरणी उगवली कीं प्रथम ही नोंद करावी, मग करडईची काळजी. अर्ज देऊन एक महिना कोणी फिरकलें नाहीं असाही अनुभव येतो. मलाही आला, आणि टेबलाच्या अलीकडे बसून वाट पाहणें कसें असतें तें त्या वेळीं प्रथमच कळलें.

राखलेल्या माळानें सगळें साधतें असें मात्र नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें. क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारें साडेपांचशें एकर. थोडक्या डोक्यांपासून तेथें काळवीट शेंकड्यांनीं वाढले. लहानसा माळ नीट राखला तर किती जनावर धरतो याचा हा दाखला. पण डोकीं वाढलीं कीं तीं कडेच्या शेतांत जाणारच, याचाही हाच दाखला. दुसरें उदाहरण आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचें. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमांत तेथें माळाचे तुकडे बंद करून गवत वाढविलें, व त्या गवतांत माळढोक पक्षी टिकून राहिला. त्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत माळापेक्षां खासगी शेतें व गांवेंच अधिक होतीं. खरेदीविक्री, बिगरशेती, विहिरी या सर्वांस अडचण आली, आणि ज्या पक्ष्यावर लोकांनीं माया करावी त्याच्या नांवानें लोक बोटें मोडूं लागले. पुढें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत उतरविलें गेलें. आज तेथें माळढोक दिसणें दुर्मिळ झालें आहे. पक्षी जाण्याचीं कारणें अनेक असतील. परंतु कागदावर आंखलेल्या रेषेनें गवत राखलें जात नाहीं, तें ज्याच्या बांधाला लागून आहे त्यानेंच राखावें लागतें, एवढें महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या माणसानें कबूल केलें पाहिजे.

त्या सालीं येळवस ११ जानेवारीस आली. पाऊस नव्हता तरी आंबील झाली, भज्जी-उंडे झाले, कडब्याच्या खोपींत पांडव मांडले, आणि शेताभोंवतीं चर शिंपला. चर शिंपतांना मी सवयीप्रमाणें ज्वारीच्या कडेनें वळणार, तों चिरंजीव पुढें होऊन माळाकडे चालू लागले, व राखलेल्या पट्ट्यांनाही वळसा घालून मगच परत आले. तोंडानें कांहीं बोलले नाहींत. चार एकर ज्वारीचे नऊ क्विंटल झाले. चांगल्या सालीं याच्या दुपटीहून अधिक होतात. शेजारच्या दोघांची ज्वारी माझ्याहून कमी आली, एकाची अधिक आली. त्याची जमीन माझ्यापेक्षां खोल आहे.

२०२५ च्या सप्टेंबरांत जिल्ह्यांत उलट अतिवृष्टि झाली. खालच्या काळींत पाणी सांचलें, बांध फुटले. पण माळावरून येणारें पाणी उताराला आडव्या पट्ट्यांत गाळून आल्यानें फारशी माती आली नाहीं. हा लाभ मीं योजलेला नव्हता. मारवेल आतां पहिल्यापेक्षां दाट आहे, आणि कुसळी चौथ्या व आठव्या पट्टींत अजून हटत नाहीं. तेथें बीं धरण्यापूर्वीं ती उपटून पाहिली पाहिजे. पट्ट्यांची एक वही मीं ठेविली आहे : क्रमांक, कापणीची तारीख, निघालेल्या पेंढ्या, शेरा. दर सालीं दसऱ्यापूर्वीं ती उघडून कोणाची पाळी आहे हें पाहतों. कुंडीच्या तळास चीर गेली आहे. हस्ताचा रंग पाहून ती लिंपावयाची, आणि पिंपें गाडीवर चढवावयाचीं.